सिग्नल मोजायची पेटी आणि तिचं रंगीत सॉफ्टवेअर, आठ महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगतो, फोन कुठला घ्यावा हे बघायला आला असाल तर हा रिव्ह्यू तुमच्यासाठी नाहीये. ज्यांना रोज कोणीतरी उठून "इथं रेंज का नाही" असं विचारतं आणि उत्तर द्यावंच लागतं, त्या आरएफ प्लॅनिंगवाल्या, म्हणजे मोबाइल नेटवर्कचा सिग्नल कुठे किती पोचेल हे आखणाऱ्या मंडळींसाठी आहे. फोनच्या चार काड्यांमागे नक्की काय चालतं याचं कुतूहल असणाऱ्यांनी पण वाचायला हरकत नाही, मध्ये मध्ये कंटाळा आला तर पुढे सरका. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण पुढे मी बरंच बोंबलणार आहे आणि मला कोणाशी भांडण उकरून काढायचं नाही, ज्यांच्याकडे ही पेटी आहे ते दोन परिच्छेदांत ओळखतीलच.

तर वस्तू काय आहे? एका कडक सुटकेसमध्ये स्कॅनर म्हणजे मोजणारा रिसीव्हर, गाडीच्या छपरावर चिकटणारा चुंबकाच्या बुडाचा अँटेना, वेगळा जीपीएस, १० वॉटचा एक छोटा ट्रान्समीटर आणि त्याचा ओम्नी म्हणजे चारी दिशांना सारखा सिग्नल फेकणारा अँटेना, केबलींचं भेंडोळं, आणि लॅपटॉपवर टाकायचं सॉफ्टवेअर, जे एका डोंगलशिवाय, म्हणजे लॅपटॉपला खोचायच्या परवान्याच्या किल्लीशिवाय, उघडत नाही. त्या डोंगलबद्दल नंतर, आत्ता बोललो तर बीपी वाढेल.

काम असं करायचं की ट्रान्समीटर एखाद्या उंच जागी लावायचा, तो एकाच फ्रिक्वेन्सीवर तानपुऱ्यासारखा नुसता सूर धरून बसतो, त्यात डेटा नाही कॉल नाही काही नाही. याला आम्ही सीडब्ल्यू म्हणतो. मग गाडी घेऊन आजूबाजूचे सगळे रस्ते फिरायचे आणि प्रत्येक ठिकाणी तो सूर किती बारीक झाला ते लिहून घ्यायचं. घरी येऊन हा डेटा सॉफ्टवेअरला भरवला की ते त्यावरून मॉडेल, म्हणजे अंतराप्रमाणे सिग्नल किती कमी होतो याचं सूत्र, ट्यून करतं, आणि मग जिथे गाडी गेलीच नाही तिथे सिग्नल किती येईल याचा अंदाज नकाशावर रंगवून देतं. आता कोणी म्हणेल चालू नेटवर्कचा सिग्नलच मोजा की, वेगळा ट्रान्समीटर कशाला? मोजता येतो, पण तिथे कुठल्या सेक्टरचा टिल्ट, म्हणजे टॉवरवरच्या त्या बाजूच्या अँटेनाचा झुकाव, कोणी कधी बदलला, पॉवर किती आहे, केबलमध्ये किती जातंय, याची कागदावरची नोंद आणि टॉवरवरची खरी परिस्थिती यांचं कधी जमेल तर शपथ. स्वतःचा ट्रान्समीटर असला की निदान एक टोक तरी पक्कं माहीत असतं.

पहिल्यांदा चांगलं बोलतो, कारण हार्डवेअर खरंच झकास आहे.

स्कॅनरचा वेग. ही गोष्ट ब्रोशरमध्ये एका ओळीत उरकलेली असते पण सगळं यावरच अवलंबून आहे. रस्त्यावर सिग्नल एकाच वाटेनं येत नाही, भिंतींवरून, गाड्यांवरून, पत्र्यांवरून आदळून येतो आणि हे सगळे तुकडे कधी एकमेकांना धरून चालतात कधी एकमेकांचे पाय ओढतात, त्यामुळे गाडी वीतभर पुढे सरकली तरी रीडिंग २० डीबीनं (म्हणजे शंभरपट, दर १० डीबीला दहापट) कोसळू शकतं आणि परत वर येऊ शकतं. अर्ध्या तरंगलांबीच्या आसपास हे खड्डे येत राहतात. १८०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी साडेसोळा सेंटीमीटरच्या थोडी वर, म्हणजे खड्डे आठ-साडेआठ सेंटीमीटरवर. आता तुम्हाला हे खड्डे नको असतात, तुम्हाला त्या जागेचा सरासरी सिग्नल हवा असतो, तर हे बारीक खड्डे सरासरीत बुजवून टाकायचे पण डोंगर-इमारतींची मोठी सावली मात्र तशीच राहू द्यायची, हा सगळा खेळ आहे. यासाठी मोबाइल रेडिओचे अभ्यासक विल्यम ली यांनी १९८५ मध्ये हिशेब करून दिला तो आजही चालतो, ४० तरंगलांबींच्या अंतरात निदान ३६, जमलं तर ५० नमुने घ्यायचे, म्हणजे सरासरी साधारण १ डीबीच्या आत भरवशाची येते. १८०० ला हे अंतर होतं जेमतेम ६.७ मीटर. ताशी ६० नं गाडी चालली तर एवढं अंतर ०.४ सेकंदात संपतं, म्हणजे सेकंदाला ९० नमुने पाहिजेत. ही पेटी एकाच चॅनलवर ठेवली तर त्याच्या कितीतरी वर देते, मी मोजून बघितलं, लॉगफाइल उघडून वेळेचे शिक्के मोजले. फक्त एक ध्यानात ठेवा, हौसेनं दहा चॅनल लावलेत की हाच वेग दहा जणांत वाटला जातो आणि मग तुम्ही ६० नं गेलात तर सगळं मुसळ केरात. त्यामुळे आमच्याकडे नियम केलाय, सीडब्ल्यूच्या दिवशी एकच चॅनल, बाकीची हौस दुसऱ्या दिवशी.

याच्याशी फोनमधल्या फुकट ॲपची तुलना करणाऱ्यांना सांगतो, ॲप वाईट नाहीत, मीही वापरतो, पण फोन सेकंदाला एखाद-दुसरं रीडिंग देतो, तेही आधीच आत गाळून-चाळून. शिवाय एलटीई म्हणजे फोर-जीच्या स्टँडर्डमध्ये फोनच्या आरएसआरपीला, म्हणजे फोन मोजतो त्या सिग्नलच्या पातळीला, साध्या परिस्थितीतसुद्धा अधिक-उणे ६ डीबीची सूट दिलेली आहे. म्हणजे एकाच टेबलावर दोन फोन ठेवले आणि एकानं उणे ९५ डीबीएम (म्हणजे एक मिलिवॉटच्या तुलनेत डीबी) दाखवलं, दुसऱ्यानं उणे १०५, तरी दोघंही नियमात बसतात! आणि काड्यांचं तर बोलूच नका, किती डीबीएमला किती काड्या हे प्रत्येक फोनवाला आपापल्या मनानं ठरवतो. तुमच्या फोनला तीन आणि बायकोच्या फोनला एक काडी म्हणजे तुमचा फोन भारी असं काही नसतं. कव्हरेज आहे की नाही एवढं बघायला फोन चालेल, मॉडेल ट्यून करायला नाही.

छपरावरचा अँटेना चांगला चिकटतो, खड्ड्यात गाडी उडाली तरी हलला नाही. छपराच्या मधोमध लावा पण, कडेला लावला आणि शेजारी जीपीएसचा, वर सामान बांधायचं कॅरियर, असलं काही असलं की त्याचा पॅटर्न (कुठल्या दिशेचं किती ऐकतो ते) एका बाजूला वाकडा होतो आणि मग रस्त्यानं जाताना एक रीडिंग आणि येताना दुसरं अशी गंमत सुरू होते. सर्व्हेच्या आमच्या पहिल्या दोन रात्री यातच गेल्या. बॅटरी एक काढून दुसरी घालेपर्यंत पेटी चालू राहते हे फार म्हणजे फार उपयोगाचं. स्क्रीन उन्हात वाचता येत नाही, पण आम्ही बहुतेक रात्रीच फिरतो तर ठीक आहे.

एक किरकोळ वाटणारी पण महागात पडलेली गोष्ट, सोबत दिलेली लांबवायची केबल. ५ मीटरची बारीक केबल आहे, १८०० ला ती आरामात ३-४ डीबी खाते. सॉफ्टवेअरमध्ये केबल लॉसची चौकट आहे, त्यात आधीपासून शून्य भरलेलं आहे, आणि ते विचारत पण नाही. मी विसरलो. म्हणजे चूक माझीच, पण एवढ्या भारी पेटीनं सुरू होताना एकदा विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?

इथपर्यंत हार्डवेअर. दहापैकी साडेआठ देतो, अर्धा केबलचा आणि एक स्क्रीनचा कापला.

आता सॉफ्टवेअर. इथे नीट बसा.

दिसायला सुंदर आहे, त्यात वादच नाही. हिरवा पिवळा लाल, झूम केलं की इमारती उभ्या राहतात, सायबांना दाखवायला असलं दुसरं काही नाही, आमचे सर तर पहिल्या डेमोतच पाघळले. पण मी आता ठाम मतावर आलोय की हे सॉफ्टवेअर चूक लपवण्यात फार हुशार आहे आणि ते कसं करतं हेच मला सांगायचंय, बाकी सगळी प्रस्तावना होती असं समजा.

त्यात "ऑटो ट्यून" नावाचं एक बटण आहे. डेटा भरवा, बटण दाबा, मिनिटभरात ते सांगतं सरासरी चूक ०, स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे चुकांचा पसारा अमुक, आणि शेजारी हिरवी टिकमार्क. आता सरासरी चूक शून्य येणं यात काहीच पराक्रम नाहीये, कुठल्याही मॉडेलमध्ये एक स्थिर आकडा असतो तो वरखाली सरकवला की सरासरी शून्य येतेच. आणि डेव्हिएशन ८ डीबीच्या आत आलं की या धंद्यात लोक खुश होतात, माझं त्या दिवशी ६ च्या आत आलं. मी पण खुश झालो. खोटं कशाला बोलू.

चार दिवसांनी पडताळणीची फेरी होती. पडताळणी म्हणजे जे रस्ते ट्यूनिंगला वापरले नाहीत त्यांच्यावर जाऊन नकाशा खरा ठरतो का बघायचं. टेकडीच्या पलीकडे साधारण ५ किलोमीटरवर एक वस्ती होती, नकाशात छान हिरवी. गाडी वळण घेऊन खाली उतरली आणि रिसीव्हरचा काटा असा खाली गेला की मला वाटलं केबल निसटली. थांबलो, छपरावर हात फिरवला, केबल जागेवर. आमचे ड्रायव्हर दादा स्टिअरिंगवर हात ठेवून शांतपणे म्हणाले, "सर, इथं कधीच लागत नाही. मी मागच्या खेपेला घरी फोन लावायला वर चढून गेलो होतो." लॅपटॉपवर हिरवं, दादांच्या फोनवर काहीच नाही, आणि मी मधे.

रात्री बसून कच्ची लॉगफाइल उघडली. सॉफ्टवेअरमधून नाही, वेगळी काढून, साध्या स्प्रेडशीटमध्ये. आणि अंतराप्रमाणे रीडिंगांचा आलेख काढल्यावर जे दिसलं ते असं की जवळच्या अंतरावर ठिपक्यांचा ढग वर-खाली दोन्हीकडे पसरलेला, जसा असायला हवा तसा, पण ३ किलोमीटरच्या पुढे ढगाची खालची कड सुरीनं कापल्यासारखी सरळ. उणे १२० वर. त्याच्याखाली एक ठिपका नाही.

म्हणजे काय झालं बघा. या रिसीव्हरचा आमच्या सेटिंगला तळ उणे १२० डीबीएमच्या आसपास, त्याच्याखाली त्याला स्वतःचाच गोंगाट ऐकू येतो. माझा ट्रान्समीटर १० वॉट म्हणजे ४० डीबीएम, अँटेनाचे २ धरा, ४२. आणि १८०० ला ३० मीटर उंचीवरून शहरी भागात कॉस्ट २३१ या युरोपीय प्रकल्पाचं सूत्र लावलं तर १ किलोमीटरवर पाथ लॉस, म्हणजे वाटेत होणारी घट, १३६ डीबीच्या आसपास आणि पुढे अंतर दसपट झालं की ३५ डीबी असा उतार. तर १ किलोमीटरवर उणे ९४, ३ वर उणे १११, ५ वर उणे ११८-११९. ही सरासरी आहे हं. तिच्या भोवती सावल्यांमुळे ८ डीबीचा पसारा धरा. म्हणजे ५ किलोमीटरवर दहातले चार नमुने तळाच्या खाली जाणार. ते चार कुठे गेले? पेटीनं त्यांना "वैध नाही" म्हणून टाकून दिलं आणि सॉफ्टवेअरनं ते कधी पाहिलेच नाहीत. मागे उरले ते सहा, म्हणजे जे नशिबानं बरे होते तेवढेच. त्यांची सरासरी खऱ्या सरासरीपेक्षा ५-साडेपाच डीबीनं गोड येते, हिशेब करून बघा, नॉर्मल वितरणाचं कोष्टक पुरतं. वर्गातली नापास पोरं हजेरीपटावरून काढून टाकायची आणि मग सरासरी मार्क किती छान म्हणून पाठ थोपटायची, तोच प्रकार.

आणि खरी गोम पुढेच आहे. दूरचे नमुने गोड झाले की रेषा चपटी होते, माझा उतार ३५ ऐवजी जेमतेम ३० आला, आणि पसारापण कमीच दिसतो कारण खालचा अर्धा ढगच कापलेला! म्हणून डेव्हिएशन ६ च्या आत. म्हणजे डेटा जितका वाईट कापलेला तितका रिझल्ट सुंदर आणि टिकमार्क हिरवी. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार ही म्हण माहीत होती, पण आड कोरडा असताना पोहरा भरलेला दाखवणारं सॉफ्टवेअर पहिल्यांदाच बघितलं.

उपाय अवघड नाही. नमुने अंतरावरून गाळायचे, पातळीवरून नाही. जिथे सरासरी अजून तळाच्या वर १५-१६ डीबी आहे, म्हणजे पसाऱ्याच्या दुप्पट, तेवढ्याच अंतरापर्यंतचा डेटा ट्यूनिंगला घ्यायचा आणि त्या अंतरातले सगळे घ्यायचे, बरे-वाईट सगळे. माझ्या बाबतीत ते अंतर २ किलोमीटरच्या थोडं पुढेच संपलं, म्हणजे अर्ध्याहून जास्त रात्रीची मेहनत पाण्यात. जास्त लांबचं हवं असेल तर जास्त पॉवरचा ट्रान्समीटर किंवा रिसीव्हरची बँडविड्थ (एका वेळी ऐकायचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा) अरुंद करायची, कारण गोंगाट बँडविड्थच्या प्रमाणात वाढतो, हर्ट्झमागे उणे १७४ डीबीएम हा निसर्गाचा आकडा आणि त्यावर रिसीव्हरचा स्वतःचा. दहापट अरुंद केलं की तळ १० डीबी खाली. ही सोय पेटीत आहे! मॅन्युअलमध्ये पार मागच्या पानावर. आणि अगदी जवळचे म्हणजे टॉवरच्या पायथ्याचे शे-दोनशे मीटरपण गाळायचे, तिथे अँटेनाच्या उभ्या पॅटर्नचा खेळ जास्त चालतो, मॉडेलचा कमी.

हे सगळं मी सपोर्टला लिहून पाठवलं, आलेखासकट. उत्तर आलं की कृपया सॉफ्टवेअर लेटेस्ट व्हर्जनला अपडेट करा. केलं. तसंच आहे. परत लिहिलं. परत तेच उत्तर, या वेळी वेगळ्या माणसाच्या सहीनं. पालथ्या घड्यावर पाणी. तिसऱ्या वेळी मात्र कोणी खरंच वाचणारा भेटला आणि त्यानं कबूल केलं की हो, अवैध नमुन्यांची संख्या अंतराप्रमाणे दाखवणारा रिपोर्ट नाहीये, यादीत टाकतो. बघू.

दुसरी चूक याच घराण्यातली. रीडिंगांची सरासरी कशात काढायची, डीबीत की मिलिवॉटमध्ये? सॉफ्टवेअर न सांगता डीबीत काढतं. वरवर फरक पडू नये असं वाटतं पण जिथे थेट नजर नाही आणि सिग्नल सगळीकडून आदळून येतोय, ज्याला रेली फेडिंग म्हणतात, तिथे डीबीतली सरासरी खऱ्या पॉवरच्या सरासरीपेक्षा अडीच डीबी खाली येते. आणि मोकळ्या रस्त्यावर, जिथे टॉवर समोर दिसतो, तिथे फरक जवळपास नाहीच. म्हणजे एकाच फेरीत काही रस्ते अडीचनं खोटे आणि काही खरे. सेटिंगमध्ये "लिनियर" असा पर्याय आहे, तो सापडायला मला तीन महिने लागले, तुम्ही पहिल्या दिवशी शोधा.

मॉडेलांची यादी भली मोठी आहे आणि तिथेही हे सॉफ्टवेअर तोंडातून शब्द काढत नाही. त्यातलं हाटा मॉडेल घ्या. ओकुमुरा या जपानी अभियंत्यांनी टोकियो आणि आसपास प्रत्यक्ष फिरून मोजमापं केली, ती १९६८ मध्ये छापली, हाटा यांनी १९८० मध्ये त्याच वक्ररेषांना सोप्या सूत्रात बसवलं, आणि ते सूत्र १५० ते १५०० मेगाहर्ट्झ, १ ते २० किलोमीटर, टॉवरची उंची ३० ते २०० मीटर एवढ्यासाठीच आहे. कॉस्ट २३१ नं ते २००० पर्यंत ताणलं. मी मुद्दाम ३५०० मेगाहर्ट्झ आणि १२ मीटर उंचीला हाटा निवडून बघितलं, की निदान पिवळा इशारा तरी देईल. गपचूप नकाशा रंगवून दिला! नवीन पोरगं असतं तर ते घेऊन थेट मीटिंगला गेलं असतं.

तसं बघितलं तर हाटाची मला अजूनही कमाल वाटते. मोकळ्या हवेत ९०० मेगाहर्ट्झला १ किलोमीटरवर लॉस ९१-९२ डीबी. हाटा शहरात तेवढ्याच अंतराला ३० मीटरच्या टॉवरवरून १२६ सांगतो. मधले ३५ डीबी म्हणजे सिग्नल तीन हजार पट कमी, आणि हे कुठल्याही एका भिंतीचं नाव न घेता, नुसत्या मोजमापांच्या जिवावर, पन्नासेक वर्षांपूर्वी लॅपटॉप नसताना. तेव्हाच्या लोकांनी रस्त्यावर किती रात्री काढल्या असतील.

फाइव्ह-जी साठी यादीत थ्रीजीपीपी या मोबाइलचे स्टँडर्ड लिहिणाऱ्या संस्थेचं ३८.९०१ चं मॉडेल दिलंय, ०.५ ते १०० गिगाहर्ट्झ. ते उत्तम आहे, पण ते मुळात सिम्युलेशनमध्ये वेगवेगळ्या कल्पना एकाच मापानं तोलायला केलेलं आहे, त्यात तुमची गल्ली, तुमची टेकडी काही नाहीये, थेट नजर आहे की नाही हेही ते अंतरावरून शक्यतेत सांगतं. ब्रोशरवाल्यांनी ते असं लिहिलंय की जणू हे निवडलं की ३५०० चा प्रश्न सुटला. सुटत नाही. ९०० वरून ३५०० ला गेलात की मोकळ्या हवेतच जवळपास १२ डीबी जातात, वर आधुनिक इमारतींच्या धातूचा लेप दिलेल्या काचा, त्या तर सिग्नलला दारातूनच परत पाठवतात. घरातलं कव्हरेज सांगायचं तर इमारतीच्या आत जाताना किती जातं याचा वेगळा हिशेब लागतो, आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेच्या पी.२१०९ या शिफारशीत जुन्या पद्धतीच्या आणि उष्णता अडवणाऱ्या अशा दोन जातीच्या इमारती म्हणूनच वेगळ्या केल्यात. सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या इमारतींना मिळून एकच आकडा भरता येतो. एकच! घर काय, काचेचं ऑफिस काय, एका माळेचे मणी.

टेकडीचं पण सांगून टाकतो, कारण ती वस्ती उगाच हिरवी दिसत नव्हती, उतारासोबत नकाशाचाही हात होता त्यात. सोबत येतो तो उंचीचा डेटा म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये स्पेस शटलनं ११ दिवसांत रडारनं घेतलेला एसआरटीएम. फुकट आहे आणि कामाचा आहे. पण त्यांनी यातला ९० मीटरचा दिलाय, ३० मीटरचा उपलब्ध असताना, आणि ९० मीटरच्या चौकटीत टेकडीची धार बोथट होते. टेकडीची धार जर ट्रान्समीटर आणि रिसीव्हरच्या रेषेला नुसती टेकली तरी ६ डीबी जातात, थोडी वर आली की भराभर जास्त. धार १०-१५ मीटरनं बुटकी दाखवली की सावलीच गायब. वर आणखी एक, रडारला जमीन दिसत नाही, जिथे दाट झाडी आहे तिथे त्याला झाडांच्या वरच्या भागाची उंची लागते, आणि सॉफ्टवेअर त्याच्यावर पुन्हा क्लटरमधली, म्हणजे जमिनीवरच्या झाडं-इमारतींच्या थरातली, झाडांची उंची चढवतं. म्हणजे जंगलात झाड दोनदा मोजलं जातं आणि उघड्या टेकडीवर टेकडी धड एकदाही नाही. ३० मीटरचा डेटा मी स्वतः भरला, एक संध्याकाळ गेली, पण फरक लगेच दिसला. हे कंपनीनं करून द्यायला काय हरकत होती कळत नाही.

रे ट्रेसिंगचा, म्हणजे प्रत्येक किरण इमारतींवरून कसा आदळत जाईल ते काढण्याचा, भाग मी फारसा वापरला नाही. इमारतींचा थ्रीडी डेटा चांगला असेल तरच त्याला अर्थ, आमच्याकडे तो अर्धवट. एका चौकासाठी रात्रभर लॅपटॉप गरम केला आणि सकाळी जे आलं ते दिसायला फारच देखणं होतं, एवढंच म्हणतो.

डोंगल. हां. सॉफ्टवेअर डोंगलशिवाय उघडत नाही हे एक वेळ समजू शकतो. पण स्वतःचीच लॉगफाइल नुसती बघायला, दुसऱ्या फॉरमॅटमध्ये काढायलाही डोंगल लागतो. आमचा डोंगल एक आणि माणसं तीन. त्यामुळे एकजण सर्व्हेला गेला की मागचे दोघं हात चोळत बसतात. एकदा तर डोंगल गाडीच्या सीटच्या फटीत गेला आणि दादांनी सीट खोलून काढून दिला, त्या दिवसापासून त्याला लाल रिबीन बांधलीय.

मग घ्यावी का ही पेटी? मोजायला, हो, डोळे झाकून. मी परत हीच घेईन. तळाच्या वरचा कच्चा डेटा पूर्ण देते, वेळ, जागा, पातळी सगळं, काही लपवत नाही, आणि ते असलं की बाकीचं आपण आपल्या स्प्रेडशीटमध्ये किंवा चार ओळींच्या कोडमध्ये करून घेऊ शकतो. सॉफ्टवेअरला दहापैकी चार, आणि त्यातले दोन रंगांचे. त्यांच्याकडे पेटी सॉफ्टवेअरशिवायही मिळते असं सेल्सवाला शेवटपर्यंत बोलला नव्हता, मला ते सपोर्टच्या त्या तिसऱ्या माणसाकडून कळलं, तेव्हा स्वतःहून विचारा.

डेमोला बोलावलंत तर त्यांचा तयार नमुना बघू नका, स्वतःची एखादी जुनी लॉगफाइल द्या, मुद्दाम लांबपर्यंत गाडी नेलेली. ऑटो ट्यून दाबायला सांगा. टिकमार्क आली की म्हणा, आता अंतराप्रमाणे सगळे ठिपके दाखवा, आणि ढगाची खालची कड बघा. आमची वस्ती आता नकाशात लाल आहे, नवीन उतार, नवीन टेकडी, दोन्ही भरल्यावर. दादांना स्क्रीन दाखवली तर म्हणाले, "हे मी तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं होतं."